ढिबऱ्याचा हिशेब

लिपस्टिकच्या किंवा आयशॅडोच्या खोक्यामागे, भिंग लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते. तीत ‘मायका’ किंवा ‘सीआय 77019’ दिसले की समजावे, ही चमक अभ्रकाची. अभ्रक वापरले हे छापणे भाग असते. ते कुणी, कुठे आणि काय दराने वेचले याबद्दल खोके गप्प.

झारखंडातले कोडरमा आणि गिरिडीह, त्यांना लागून बिहारमधले नवादा हा या अभ्रकाचा मुलूख. रेडिओवरच्या फर्माइशींमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेले झुमरीतलैया याच कोडरम्यातले. गावाला बरकत आली ती अभ्रकाच्या व्यापाराने. 1980च्या वनसंरक्षण कायद्यानंतर इथल्या बहुतेक खाणी बंद पडल्या. मागणी काही बंद पडली नाही. मग लोक जुन्या खाणींबाहेरचे ढिगारे उपसू लागले, उंदरांच्या बिळांसारखी भुयारे खणू लागले. त्यातून निघणाऱ्या अभ्रकाच्या तुकड्यांना तिकडे ‘ढिबरा’ म्हणतात. तो वेचायला अख्खे कुटुंब जाते, कारण किलोमागे मिळणाऱ्या चार पैशांत एकट्या बापाच्या कमाईवर चूल पेटत नाही.

2016 मध्ये दोन डच संस्थांनी झारखंड-बिहारच्या या पट्ट्यात 22,000पर्यंत मुले राबत असल्याचा अंदाज मांडला. त्याच वर्षी थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या बातमीदारांनी दोन महिन्यांत सात मुलांचे मृत्यू आणि त्यांची दडपादडपी उघड केली. मोठमोठे ब्रँड हादरले. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन झाले आणि पाच वर्षांत बालमजुरी संपवण्याचा संकल्प सुटला. 2022 उलटले, आता 2030चा वायदा आहे. या उपक्रमातून काही गावांत मुले शाळेत गेली, हे मान्य. पण एवढ्या श्रीमंत उद्योगाला आपल्याच कच्च्या मालाचा दर का वाढवता येऊ नये?

दडपादडपीचे कारण समजून घेतले पाहिजे. भुयार कोसळून पोर गेले तरी आईबाप पोलिसांकडे जात नाहीत, कारण ते जिथे खणत होते ती जागा बेकायदा. तक्रार करायची तर आधी आपणच गुन्हेगार ठरायचे. ढिबरा घेणारा व्यापारी थोडे पैसे हातावर ठेवतो आणि विषय मिटतो. नुकसानभरपाई नाही, विमा नाही, धुळीने छाती भरली तर ती कामामुळे भरली असे लिहून देणारा कुणी नाही. माल मात्र गावच्या व्यापाऱ्याकडून निर्यातदाराकडे, तिथून परदेशी रंगद्रव्य कारखान्यात जातो आणि वाटेत कुठेतरी रीतसर कागद मिळवतो. माणूस बेकायदा आणि त्याने खणलेला माल कायदेशीर, असा हा चमत्कार आहे. ब्रँडचे तपासनीस कागदापर्यंत पोचतात, भुयारापर्यंत क्वचितच.

म्हणून ‘बालमजुरीमुक्त’ या शिक्क्याने आम्ही फारसे हुरळत नाही. मुलाला भुयारातून काढायचे आणि बापाला त्याच दरात, त्याच बेकायदा अवस्थेत आत ठेवायचे, तर मूल परत यायला एक दुष्काळ किंवा एक आजारपण पुरते. ‘लश’सारख्या सौंदर्यप्रसाधन कंपनीने कृत्रिम अभ्रकाची वाट धरली. कंपनीचे हात स्वच्छ झाले. ढिबरा वेचणाऱ्याचे एक गिऱ्हाईक कमी झाले. सगळेच असे निघून गेले तर कोडरम्यात उरेल काय, याचे उत्तर त्या कंपन्यांच्या अहवालांत नसते.

पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा निर्देश युरोपीय संघाने 2024 मध्ये मंजूर केला आणि 2025 मध्ये त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढेही ढकलली. तेव्हा युरोपकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. इकडे फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने अभ्रकाला गौण खनिजांच्या यादीतून काढून प्रमुख खनिजांत घातले. प्रमुख खनिज म्हटले की लिलाव आले, आणि लिलावात बोली लावायला ढिबरा वेचणारे कुटुंब कुठून येणार? उद्या खाणपट्टे बड्यांकडे गेले तर आज बेकायदा असलेली ही माणसे उद्या घुसखोर ठरतील. ढिबरा सहकारी संस्थांमार्फत विकत घेण्याची भाषा झारखंड सरकारने केली होती. तिची अंमलबजावणी आधी व्हावी: वेचणाऱ्यांना ओळखपत्र, ढिबऱ्याला ठरलेला किमान दर, अपघाताची नोंद आणि भरपाई, आणि मगच लिलाव. तो दर परवडत नाही असे एखाद्या सौंदर्यप्रसाधन कंपनीला म्हणायचे असेल, तर एका लिपस्टिकमध्ये कितीसे अभ्रक असते आणि त्याचे वेचणाऱ्याला किती पैसे पोचतात, हेही तिने त्या खोक्यावर छापावे.