हातोड्याच्या उसळीवर बोगदे उभारायचे काय?

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्याचा काही भाग कोसळला आणि ४१ कामगार १७ दिवस आत अडकून पडले. तेव्हापासून ‘हिमालयातील खडक कमकुवत आहे’ हे वाक्य सर्रास कानी पडते. किती कमकुवत, आणि ते कशाने मोजले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. त्या दुर्घटनेच्या कारणांची मीमांसा हा या लेखनाचा विषय नाही. येथे मुद्दा मोजणीचा आहे.

खडकाचे दाबसामर्थ्य ठरवण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्याचा दंडगोलाकार नमुना यंत्रात फुटेपर्यंत दाबणे. हे काम खर्चिक. शिवाय फिलाइटसारख्या पापुद्र्यांच्या खडकाचा नमुना कापतानाच तुटतो. म्हणून श्मिट हातोड्याची उसळी किंवा अल्ट्रासाउंड तरंगांचा वेग मोजून सामर्थ्याचा अंदाज बांधतात. त्याला आक्षेप नाही. अजिंठ्याच्या भिंतीतून नमुने कापून काढा, असे कोण म्हणेल? आक्षेप आहे तो अंदाजाला मोजमाप म्हणून खपवण्याला.

हातोडा पृष्ठभागाची कठीणता सांगतो; तरंगांचा वेग लवचीकता व घनता सांगतो. सामर्थ्य ही निराळी गोष्ट आहे. पाण्याचेच उदाहरण घ्या. सच्छिद्र खडकाच्या रंध्रांत हवेऐवजी पाणी भरले की दाबतरंग अधिक वेगाने जातात. तोच भिजलेला खडक मात्र कमी दाबाला फुटतो. कोरड्या नमुन्यांवरून बेतलेले समीकरण पाझरत्या बोगद्यात वापरले, तर खडक दुबळा झालेला असताना उत्तर ‘अधिक बळकट’ असे येऊ शकते. चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूने.

तरीही शोधनिबंधांत नवनव्या समीकरणांची भर पडतच आहे. आता त्यांवर मशीन लर्निंगची झूलही चढली आहे. आर-वर्ग ०.९ च्या वर गेला की जणू सारे सिद्ध झाले! पण मऊ चुनखडकापासून ग्रॅनाइटपर्यंतचे खडक एकाच आलेखात कोंबले, तर सहसंबंध उंचावणारच. बोगद्यात प्रश्न असतो तो एकाच फिलाइटमधील फरकांचा, आणि तेथे असा आलेख मुका होतो. डीअर व मिलर यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध आलेखात सामर्थ्याच्या अंदाजासोबत त्याचे विखुरणही दाखवले होते. पुढे अनेकांनी रेषा उचलली आणि विखुरण सोडून दिले.

विद्यार्थिमित्रांनो, असा निबंध हाती आला तर तीन गोष्टी शोधा: नमुने कोरडे होते की ओले, पापुद्र्यांच्या कोणत्या दिशेने मोजणी झाली, आणि उत्तर एका आकड्यात आहे की किमान-कमाल पल्ल्यात. स्वतः असे काम कराल तेव्हा त्याच ठिकाणचे काही नमुने प्रत्यक्ष फोडून समीकरण पडताळल्याशिवाय ते छापू नका. खडकाची प्रतवारी लावणाऱ्या आर.एम.आर. पद्धतीत १०० पैकी १५ पर्यंत गुण या एका सामर्थ्याला आहेत. त्या प्रतवारीवरून बोगद्याचा आधार ठरतो, आणि त्या आधाराखाली माणसे काम करतात.