फिल्म आणि पाय

"मणक्यात गॅप पडलाय, एमआरआयमध्ये आलंय, ऑपरेशन सांगितलंय." हे वाक्य हल्ली घराघरांत ऐकू येते, आणि त्याच संध्याकाळी दागिने गहाण ठेवण्याची भाषा सुरू होते. फिल्म म्हणजे जणू कोर्टाचा निकाल! म्हणून या महिन्यात आम्ही फिल्मविषयीच लिहितो.

मुळात 'गॅप' पडत नाही. दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेर चिवट कडे, आत मऊ गर. कडे फाटून गर मागे सरकला की शेजारची नस दबते आणि कळ कुल्ल्यापासून पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. उर्दूत तिला इर्क-उन-नसा म्हणतात. पुष्कळजण 'निसा' वाचून तो बायकांचा आजार समजतात. पण 'नसा' हे त्या नसेचेच अरबी नाव आहे.

एक्स-रेत हाडे दिसतात, गादी दिसत नाही. एमआरआयमध्ये गादी आणि नस दोन्ही दिसतात. कोणती गादी, कोणत्या बाजूला, किती सरकली, हे कळल्याशिवाय सर्जनने चाकू लावू नये हे खरेच. पण 1994 साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय तपासले, तर 52 टक्के लोकांत एखादी तरी गादी फुगलेली आणि 27 टक्के लोकांत ती बाहेर आलेली निघाली. त्यांना त्रास काहीच नव्हता! फिल्ममध्ये गादी दिसते, दुखणे दिसत नाही.

म्हणून फिल्म आणि पाय यांचा मेळ बसावा लागतो. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली तर बहुधा पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो. तिच्या खालची सरकली तर चवड्यावर चालणे कठीण होते. कळ डाव्या पायात आणि फिल्ममध्ये दोष उजवीकडे, तर त्या ऑपरेशनने काय साधणार? डॉक्टरांनी पाय उचलून, बोटे दाबून पाहिलेच नसेल, तर अब्बांना दुसऱ्या डॉक्टरांकडे अवश्य न्या.

घाईही बहुतेकदा नसते. हॉलंडमध्ये सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन ठरवलेल्यांना आराम लवकर पडला; पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावे लागले, बाकीच्यांना नाही. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. त्यामुळे ऑपरेशन लांबले असेल तर जुन्या फिल्मवर ते करावे की नवी काढावी, हे विचारून घ्या.

मात्र लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठा. तिथे थांबणे नाही.

एमआरआयला जाताना ओढणीच्या पिना, बांगड्या, ताविजाची धातूची पेटी घरीच काढून ठेवा. यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक असते. पेसमेकर असेल तर नंबर लावतानाच सांगा.