स्वमग्न मूल : कर्माचे फळ नव्हे, समाजाची जबाबदारी



मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. नाव घेऊन दहा हाका मारा, वळून बघत नाही. पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येते. म्हणजे बहिरेही नाही. खेळण्यातली गाडी दिली तर ती चालवत नाही, उलटी करून चाक तेवढे तासन् तास फिरवीत बसते. रोजची वाट सोडून दुसऱ्या वाटेने नेले की रस्त्यातच लोळण घेते. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळते. बोईसर-तारापूरच्या चाळींतून, दांडीपासून पालघरपर्यंतच्या वस्त्यांतून अशी मुले आम्हाला भेटतात. आणि मुलाबरोबर खाली मान घातलेली त्याची आईही भेटते.

त्या आईला तीन गोष्टी ऐकवल्या जातात. कोणी म्हणते, तुझेच लक्ष नाही. कोणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. आणि कोणी म्हणते, मागल्या जन्मीचे पाप आहे. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत, हे आज स्पष्ट सांगायचे आहे.

या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम आणि मराठीत स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात हे नाव रूढ झाले. पुढे काही वर्षे तिकडच्या शहाण्यांनीही आईलाच दोषी धरले. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे झाले, असे ते म्हणत. १९६४ साली डॉ. बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून हे मत खोडून काढले; ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. आज शास्त्र सांगते की हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लस टोचल्याने हे होते, अशी आवई १९९८ साली इंग्लंडमधल्या एका लेखाने उठवली होती. तो लेख २०१० साली त्याच मासिकाने मागे घेतला. तेव्हा मुलांच्या लसी चुकवू नका.

आता मागल्या जन्मीच्या पापाबद्दल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या पूर्वकर्माच्या सिद्धांताची नीट चिरफाड केली आहे. माणसाची आजची दशा त्याच्या मागच्या जन्मातल्या कर्मामुळे आहे असे एकदा मानले, की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला हजारो वर्षे याच सिद्धांताने गावकुसाबाहेर ठेवले. तोच सिद्धांत आपण आपल्या मुलाच्या कपाळी लिहायचा काय? धम्म स्वीकारलेल्या घरांतूनही अंधार पडल्यावर गुपचूप भगताकडे जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हसू नये. दुसरा मार्ग कोणी दाखवला नाही म्हणून ती तिकडे गेली. मार्ग दाखवणे हे आपले काम आहे.

पहिले पाऊल कोठे टाकावे?

वर्षाचे मूल हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द अचानक गेले असतील, तर ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणत वाट पाहू नका. मुलींच्या बाबतीत ‘लाजाळू आहे’ म्हणून हे सुटून जाते, तिकडे अधिक लक्ष द्या.

प्रथम अंगणवाडीताईंना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची पाठवणी मोफत होते. पथक कोणत्या दिवशी येणार ते विचारून ठेवा व त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कानाची तपासणी आधी करून घ्यावी. त्यासाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय महापालिकेचे आहे. विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी २००१ पासून मुंबईत काम करणारी ‘उम्मीद’ ही संस्था आहे.

दांडीहून बोईसर स्टेशन गाठायचे, तिथून गाडी धरायची, म्हणजे कंत्राटी कामगाराचा अख्खा रोज बुडाला. हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून दर आठवड्याला मुंबई शक्य नाही हे तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे आणि घरी काय करायचे ते लिहून मागावे. खरे काम घरीच होते.

एक सावधगिरी. स्वमग्नता औषधाने ‘बरी’ होत नाही. मूल शिकते, सुधारते, पण ते शिकवण्याने आणि सरावाने. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणारे आहेत. हा स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून सुचवता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली सांगितले आहे. दागिने विकू नका, कर्ज काढू नका.

घरी काय करावे?

एका वेळी एकच गोष्ट, थोडक्या शब्दांत सांगा आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत आकडे मोजा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दिवसभराची चित्रे काढून भिंतीला लावा : दात घासणे, आंघोळ, जेवण, शाळा, झोप. पुढे काय होणार हे कळले की अशा मुलाची भीती कमी होते. पोहे की भाकरी, हे दोन्ही दाखवून विचारा. बोट केले तरी ते बोलणेच आहे. चित्रे वापरली तर मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. त्याला चाकांचे वेड असेल तर चाकेच मोजायला शिकवा. मार देऊ नका. ते हट्ट करीत नाही, त्याला सहन होत नाही.

किनाऱ्यावरच्या कुटुंबांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. अनेक स्वमग्न मुले नजर चुकवून घराबाहेर पडतात आणि त्यांना पाण्याची विलक्षण ओढ असते. धोका मात्र कळत नाही. दांडीत समुद्र दाराशी आहे. दाराला वरच्या बाजूला कडी लावा. गळ्यातल्या दोऱ्यात नाव व फोन नंबराची चिठ्ठी घाला. बंदरावरच्या होडीवाल्यांना, कोळी भगिनींना मुलाची ओळख करून द्या, म्हणजे ते एकटे दिसले तर कोणीतरी हात धरील. मूल लपवून ठेवल्याने हाच सर्वांत मोठा तोटा होतो की संकटात त्याला ओळखणारा कोणी नसतो.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी

तथागतांच्या संघात चूळपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावानेच त्याला संघ सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला हाकलले नाही. हातात एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्या मळण्यातून चूळपंथकाला जे कळायचे ते कळले. विद्यार्थी तोच होता, शिकवण्याची रीत बदलली. शिक्षकाने यातून हेच घ्यावे.

वर्गात त्याची जागा ठरलेली असू द्या, दार-खिडकीच्या गोंगाटापासून दूर. घंटा होण्याआधी त्याला सांगा. डोळ्यांत बघून बोल, असा आग्रह धरू नका. एक समजूतदार सोबती जोडून द्या. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा.

पालकांना सांगू इच्छितो, प्रवेश ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. लेखी मागितले की बहुतेकांचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे. तरी न ऐकल्यास पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड आधी काढा, बाकी दारे त्याने उघडतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हे पैसे कोठे गेले, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा.

शेवटी आपल्या विहाराविषयी. वंदनेच्या वेळी एखादे मूल ओरडले तर माना वळवून आईकडे बघू नका. दाराजवळ एक चटई त्या मायलेकरांसाठी राखून ठेवा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंतींपुढे ही मुले कासावीस होतात. मिरवणूक निघण्याआधी त्यांच्या हातून बाबासाहेबांना हार घालून घ्या, मग आवाज सुरू करा. महिला मंडळाने अशा चार मातांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे. मुंबईची खेप एकीने केली तर माहिती चौघींना मिळेल. आणि वडिलांनो, पाळी संपवून आल्यावर अर्धा तास मुलाबरोबर जमिनीवर बसा. सारा भार एकट्या आईवर टाकणे हे समतेच्या विचारात बसत नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण म्हणतो. त्यातले ‘शिका’ हे आपल्या या न बोलणाऱ्या लेकरांनाही लागू आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!