‘टू’चें माप

आमच्या कारंजा (घाडगे) येथील एका परिचित कुटुंबानें मुलीच्या सोयरिकीसाठीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका घराण्यास इंग्रजींत पत्र धाडलें. मुलगी साधी, निगर्वी. म्हणून कौतुकानें लिहिलें, ‘शी इज टू सिंपल.’ उत्तर येईना. अखेर दूरध्वनीवरून चौकशी केली, तेव्हां उलगडा झाला. मुलाच्या आत्याबाईंनीं ‘मुलगी नको तितकी भोळी, बुद्धीनें जराशी मंदच’ असा अर्थ घेतला होता! सोयरीक मोडतां मोडतां राहिली.

आत्याबाईंचा दोष नाहीं. ‘व्हेरी’ हा शब्द गुण नुसता वाढवितो. ‘टू’ मर्यादा ओलांडल्याची तक्रार करितो. ‘व्हेरी हॉट’ चहा आपण फुंकून पितों. ‘टू हॉट’ चहा ओठांस लावतां येत नाहीं. म्हणूनच त्याच्या पुढें पुष्कळदां ‘टु’सह क्रियापद येतें आणि नकारार्थी शब्द नसतांहि नकार उमटतो. ‘टू टायर्ड टु वॉक’ म्हणजे इतका थकलेला कीं चालवेना. गंमत अशी कीं, हे दोन्ही शब्द मूळचे एकच. आघातानें उच्चारलेल्या ‘टु’चें ‘टू’ असें वेगळें लेखन सोळाव्या शतकापासून रूढ झालें.

मग आपल्या लोकांची येथेंच फसगत कां व्हावी? आम्हांस वाटतें, मूळ आपल्या ‘अति’मध्यें आहे. पाणिनीनें अष्टाध्यायींत (१.४.९५) ‘अति’चे अतिक्रमण आणि पूजा असे दोन्ही अर्थ मान्य केले आहेत. मराठींत ‘अतिशय सुंदर’ ही पूजा, तर ‘अतिरेक’ आणि ‘अति तेथें माती’ हें अतिक्रमण. एकाच उपसर्गाच्या पोटीं स्तुति व निंदा दोन्ही नांदतात, त्यामुळें दोहोंस इंग्रजींत निरनिराळे शब्द लागतात हें ध्यानांत राहत नाहीं. आमच्या तालुक्यांतील बागाईतदारानें आपलें संत्रें ‘टू स्वीट’ असल्याचें परप्रांतीय व्यापाऱ्यास कळविलें, तर भाव पाडण्यास त्यानें आपण होऊनच निमित्त दिलें म्हणावयाचें!

कसोटी सोपी आहे. ‘टू’च्या जागीं ‘नको तितका’ घालून पाहावें; बसला तर ठेवावा, न बसल्यास ‘व्हेरी’ योजावा. ‘यू आर टू काइंड’ हा मात्र शिष्टाचार. तेथें ‘आपल्या दयेस आम्ही पात्र नाहीं’ असा विनय असतो, तक्रार नसते. ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हणजे तर मोठ्या आनंदानें! ‘मी टू’ यांतला ‘देखील’ या अर्थाचा ‘टू’ निराळा. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.