केस विरळ झाले म्हणून हिरमुसू नका



आमच्या शेजारची एक ताई शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते. दुसऱ्या बाळंतपणाला चार महिने झाले आणि तिचे केस मूठमूठ गळू लागले. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी अंगारा आणून दिला. तिने जाहिरात पाहून सहाशे रुपयांची तेलाची बाटली मागवली. बाटली संपली, केस गळायचे काही थांबले नाहीत. धाकट्या दिराचा मंगल परिणय पंधरा दिवसांवर आला, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "वहिनी, भांग बघा केवढा रुंद झालाय. चारचौघींत डोक्यावर पदर घेऊनच बसावे लागणार."

मी म्हटले, "आधी रक्त तपासून घे. केस कसे बांधायचे ते मी दाखवते." त्याच दोन गोष्टी आज तुम्हालाही सांगते.

आधी कारण शोधा

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले रोज ५० ते १०० गळतात आणि नवे येतात. त्यामुळे कंगव्यात थोडे केस दिसले म्हणून घाबरू नये. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, तसेच टायफॉईड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम जास्त गळतात. हे गळणे बहुधा आपोआप थांबते. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो, म्हणून डोके पुन्हा भरलेले दिसायला सहा महिने ते वर्षही लागते.

दुसरे कारण आपल्या ताटात असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. लोह कमी पडले की शरीर केसांना शेवटी विचारते. घरात जेवायला बाईची पाळी शेवटी येते, तसेच हे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल (गरोदरपणी ११ च्या खाली), तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. पालेभाज्या, मोड आलेली मटकी, हरभरे, अळिवाचे लाडू, अंडी, कलेजी, सुकट जेवणात असू द्या. भाजीवर लिंबू पिळा. जेवणाला लागूनच चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

तिसरे कारण म्हणजे ओढाताण. करकचून बांधलेली वेणी, रबर, जड गंगावन, डोक्यावरचे घमेले यांनी केस मुळापासून ओढले जातात आणि घासून तुटतात. वेणी सैल घाला, रबराऐवजी कापडी बंद वापरा. ओझे उचलताना चुंबळ मऊ ठेवा.

दिसायला दाट कसे करावेत

बारीक केस तेलकट झाले की टाळूला चिकटतात आणि आहेत त्याहून विरळ दिसतात. म्हणून तेल न्हाण्याआधी तासभर लावा. न्हाल्यावर चोपडू नका. आठवड्यातून दोन-तीनदा केस धुवा. शांपू पाण्यात कालवून फक्त टाळूला चोळा. कंडिशनर लावायचा तर टोकांनाच लावा. पंचाने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. मग मान खाली घालून केस पुढे सोडा आणि तसेच वाळू द्या. मुळे उभी राहतात आणि केस फुगीर दिसतात.

लांबीचा मोह थोडा सोडा. कमरेपर्यंतच्या शेपटीपेक्षा खांद्याच्या जरा खाली, एका रेषेत कापलेले केस भरघोस दिसतात. थर पाडून कापू नका, टोके आणखी विरळ दिसतात. वर्षानुवर्षे एकाच जागी भांग पाडला असेल तर तो बोटभर बाजूला सरकवा किंवा थोडा नागमोडी पाडा. खालची टाळू लगेच झाकली जाते. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून सोडवा.

समारंभाला जायचे असेल तर आदल्या रात्री जवळजवळ वाळलेल्या केसांच्या चार सैल वेण्या घालून झोपा. सकाळी बोटांनी सोडवल्या की केसांना लाटा येतात. वेणी घालून झाल्यावर तिचे पेड कडेने हलके ओढा, वेणी जाड दिसते. अंबाडा घालायचा तर जुन्या काळ्या मोज्याचे टोक कापा, त्याची गोल गुंडाळी करा आणि तिच्याभोवती केस फिरवा. वर गजरा माळला की आतले गुपित कुणाला कळत नाही!

डॉक्टरांकडे केव्हा जावे

गोल चकत्यांत केस गेले, टाळूला खाज किंवा पू आला, पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर लव वाढली, किंवा थकवा आणि वजन दोन्ही वाढले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मिनॉक्सिडिलसारखे औषध मनाने आणू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ते वापरू नये. शिवाय थांबवले की त्याचा गुणही ओसरतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळाले, तेव्हा पाण्याचे आणि रक्ताचे नमुनेच तपासायला नेले होते. कारण असे शोधायचे असते, अंगाऱ्यात नव्हे.

आमच्या ताईचे हिमोग्लोबिन आठ निघाले! तिच्या दमण्याला सगळे आळस म्हणत होते. आता ती गोळ्या घेते आणि सर्वांबरोबर ताटावर बसते. मंगल परिणयाला ती पांढरी साडी नेसून, मोज्याचा अंबाडा घालून, डोक्यावरचा पदर काढून पहिल्या रांगेत बसली होती. परवा तिने कपाळावरचे बोटभर नवे केस दाखवले. आता तेलाच्या बाटलीचे पैसे ती अंड्यांना लावते.