सुट्टी आपली, हंगाम ट्राउटचा

मराठी घरात हिमालयाचा बेत ठरतो तो बहुधा दोनच वेळा. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. शिमला, कुलू, मनाली ही ठरलेली नावं. हल्ली त्यात कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्याची भर पडली आहे. बंजार, नागिनी, गुशैणी या गावांजवळून वाहणाऱ्या या नदीत ट्राउट मासा आहे, काठावर घरगुती मुक्कामाची सोय आहे आणि गार पाण्यात गळ टाकून तासन्‌तास उभं राहण्याची ओढ शहरातल्या तरुणांना लागू लागली आहे. बेत चांगलाच आहे. त्याच्या तारखा तेवढ्या चुकतात.

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं होतं. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरचं. अशा वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तीर्थनवर गळ टाकणं म्हणजे सरळ कायदा मोडणं. मे महिन्यात कायदा आड येत नाही, पण नदीच आड येते. वरचा बर्फ वितळून पाणी फुगलेलं आणि गढूळ असतं, माशाला आमिष दिसत नाही आणि माणसाला पाण्याचा तळ दिसत नाही. म्हणजे ज्या दोन सुट्ट्यांत मराठी पर्यटक निघतो, त्यातली एक बेभरवशाची आणि दुसरी अनेकदा बेकायदा.

ही बंदी कशासाठी आहे, ते नीट समजून घ्यायला हवं. ब्राउन ट्राउटची वीण हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होते. उथळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात मादी शेपटीचे फटकारे मारून गोट्यांमध्ये खळगा करते. त्यात अंडी सोडते, नराने ती फळवली की पुन्हा खडी सारून झाकून टाकते. मादीच्या वजनाच्या किलोमागे दीड-दोन हजार अंडी असतात. पाणी जितकं गार तितकी ती फुटायला वेळ लागतो. पाच अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात अडीच-तीन महिनेही लागतात, आणि त्यानंतरही पिल्लं काही आठवडे खडीतच दबून राहतात. सगळा हिवाळा नदीचा तळ असा भरलेला असतो. गळ न टाकता नुसतं बूट घालून त्या खडीवरून चाललं तरी अंडी चिरडतात. नोव्हेंबरमध्ये एखादी मादी पकडून, फोटो काढून सोडून दिली तरी तिची वीण वाया जाऊ शकते. ‘आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो’ हे समर्थन त्या चार महिन्यांत चालत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर नव्या हंगामाला लागतात. गोड्या पाण्यात मात्र हीच शिस्त सैल पडते. पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्या-नाल्यांतून वर सरकणारे चढणीचे मासे अजूनही टोपल्यांनी धरले जातात आणि त्याचं कौतुकही होतं. ओढ्यातले मासे का संपले, याचं निम्मं उत्तर त्या टोपल्यांत आहे. तीच सवय हिमालयात नेऊ नये.

आता चंद्राबद्दल.

मोबाइलवर अशी बरीच अ‍ॅप मिळतात, ज्यांत दिवसाच्या कोणत्या तासाला मासा गळाला लागेल हे चंद्राच्या स्थितीवरून सांगितलेलं असतं. कोकणातल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, कारण समुद्रावर चंद्राचं राज्य खरंच आहे. तिथीला तीनने गुणावं, चाराने भागावं, येईल तो भरतीचा अंदाजे तास, हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. खाडीत जाळं कधी लावायचं हे यावरच ठरतं आणि तो हिशेब जमतोही. पण दीड हजार मीटरहून उंचावर वाहणाऱ्या डोंगरी नदीला भरती-ओहोटी नाही. तिथे चंद्राने कशाला ओढावं?

या अ‍ॅपमागे बहुतेक वेळा जॉन एल्डन नाइट या अमेरिकी माणसाची मांडणी असते. माशांच्या रोजच्या हालचालींवर परिणाम करणारी म्हणून मानली जाणारी तेहतीस कारणं त्याने १९२६ साली गोळा केली. एकेक बाद करत सूर्य, चंद्र आणि भरती-ओहोटी ही तीन उरवली आणि त्यावरून ‘सोल्युनर’ कोष्टकं बसवली. पुढे १९५४ मध्ये फ्रँक ब्राउन या जीवशास्त्रज्ञाने कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचे कालव समुद्रापासून दूर, इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टनला नेले आणि दोनेक आठवड्यांत त्यांची शिंपले उघडण्याची वेळ तिथल्या चंद्राप्रमाणे बदलल्याचं जाहीर केलं. कोष्टकवाल्यांना हा मोठाच आधार वाटला. पण १९५७ मध्ये लामाँट कोल या शास्त्रज्ञाने तसल्याच आकडेमोडीने नुसत्या यादृच्छिक आकड्यांतूनही सुबक ‘लय’ काढून दाखवली, आणि त्या पद्धतीचा कच्चेपणा उघडा पडला.

चंद्राचा माशांशी काहीच संबंध नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. ट्राउटच्याच कुळातल्या कोहो सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघण्याआधी त्यांच्या शरीरात थायरॉक्सिन हे संप्रेरक एकदम वाढतं, आणि ही वाढ अमावास्येशी जुळते, असं संशोधन १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं होतं. चांदण्या रात्री ट्राउटला पोटभर खाता येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो सुस्त असतो, असंही अनुभवी गळकरी मानतात. पण एवढ्यावरून रेल्वेचं आरक्षण करू नये. त्याला एक साधा पुरावा आपल्याच दिनदर्शिकेत आहे. दसरा नेहमी शुद्ध दशमीलाच येतो, म्हणजे त्या दिवशीचा चंद्र दरवर्षी तसाच. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ चा २ ऑक्टोबरला. चंद्र एकच, मधे तीन आठवड्यांचं अंतर. हिमालयात ऑक्टोबरच्या तीन आठवड्यांत पाण्याचं तापमान उतरतं, पाऊसकाळाचा गढूळपणा जाऊन नदी निवळते, किड्यांची वर्दळ बदलते. मासा या बदलांप्रमाणे वागतो, दशमीप्रमाणे नाही.

आपला शेतकरी हे ओळखून आहे. दर्यावरचा माणूस तिथी बघतो, पण पेरणी करणारा तिथी बघत नाही, मृग बघतो. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणूनच मृग दरवर्षी ७-८ जूनला लागतो. ट्राउटची नदी या शेतकऱ्याच्या बाजूची आहे. तिथे जायचा उत्तम काळ नक्षत्रांत सांगायचा तर हस्त आणि चित्रा, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

हे दिवस चांगले का, याचं कारण पाण्यात आहे. ट्राउटचं रक्त थंड असतं, त्याची भूक पाण्याच्या तापमानावर ठरते. इंग्लंडमधले संशोधक जे. एम. एलियट यांनी ब्राउन ट्राउटवर अनेक वर्षं काम केलं. साधारण चार ते एकोणीस अंश सेल्सियस या पट्ट्यात हा मासा खातो आणि तेरा-चौदा अंशांच्या आसपास सगळ्यात चांगला वाढतो, असं त्यातून दिसलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंदी उठते तेव्हा नदी फार गार असते. मासा तळाशी सुस्त पडून असतो आणि दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान, ऊन पाण्यावर आल्यावरच हलतो. तेव्हा पहाटे उठून काठावर कुडकुडण्यात काही अर्थ नाही. मार्चच्या शेवटी पाणी जरा कोमट होतं, पण बर्फाचा लोंढा अजून आलेला नसतो. पाडवा ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, हे पहिलं दार.

मग बर्फ वितळायला लागतो आणि नदी दिवसाच्या दिवसात बदलू लागते. उन्हाने वर सुटलेलं पाणी खालच्या खोऱ्यात पोचायला तास लागतात, त्यामुळे दुपारनंतर आणि रात्री नदी चढते आणि पहाटे ती सगळ्यात कमी आणि सगळ्यात स्वच्छ असते. मे महिन्यातच जाणं भाग असेल तर सूर्योदयापासूनचे पहिले दोन-तीन तास तेवढे आपले, बाकीचा दिवस जंगलात फिरण्यासाठी ठेवावा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान तिथेच आहे, २०१४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. जूनअखेर मॉन्सून पोचतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या नदीवर गळ टाकण्याचा विचारच सोडून द्यावा. गणपतीला जोडून घेतलेली रजा इथे फुकट जाते.

दुसरं दार दसऱ्याचं. मॉन्सून माघारी फिरलेला असतो, वरचा बर्फ वितळणं जवळपास थांबलेलं असतं, नदी काचेसारखी होते आणि विणीआधी अंगात ताकद साठवायला मासा भरपूर खात असतो. कुलूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो, तेव्हा कुलू शहरात पाय ठेवायला जागा नसते. पण तीर्थनचा रस्ता औटजवळच फुटतो, कुलूपर्यंत जावंच लागत नाही. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे बंदी लागायच्या आधी पुरते अकरा दिवस हातात. दिवाळी घरी करावी, दसऱ्याला निघावं.

हवामानाचा अंदाज बघताना नुसतं मुक्कामाच्या गावाचं आकाश बघून चालत नाही. नदी वरून येते, तेव्हा वर काय पडलं हे महत्त्वाचं. मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभ येतो तेव्हा खाली पाऊस आणि वर बर्फ पडतो, त्यानंतर पाणी निवळायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. ढगाळ, मंद प्रकाशाचा दिवस लख्ख उन्हापेक्षा बरा, कारण झगझगीत उजेडात स्वच्छ पाण्यातला ट्राउट काठावरच्या माणसाची हालचाल लगेच टिपतो.

आणि धरणं. ही बाब कोणत्याही कोष्टकात नसते, म्हणून ती सगळ्यात ठळकपणे सांगायला हवी. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचा सहल आयोजक थलौटजवळ बियास नदीत वाहून गेले. लारजी धरणातून सोडलेलं पाणी त्यांच्या अंगावर आलं. तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या लारजीजवळच बियासला मिळतात, म्हणजे ट्राउटसाठी जाणाऱ्या प्रत्येकाची वाट याच भागातून जाते. सैंजवर जलविद्युत प्रकल्प आहेत, तिथलं पाणी वेळकाळ न पाहता चढू शकतं. तीर्थनवर असे प्रकल्प येऊ घातले होते. माजी आमदार दिले राम शबाब यांच्या पुढाकाराने स्थानिकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि ते रद्द झाले. आज ही नदी बर्फ आणि पाऊस यांच्याच तालावर वाहते आणि म्हणूनच तिथला बेत आखता येतो. ज्या लोकांनी ती तशी राखली, त्यांच्या नदीत उतरताना त्यांचे नियम पाळणं एवढं तरी पाहुण्याने करावं.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ट्राउट इथला नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मीरमध्ये फ्रँक मिचेल यांनी रुजवली आणि १९०९ मध्ये हॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथून हा मासा कुलूच्या नद्यांत आणला. जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत ब्राउन आणि रेनबो या दोन्ही ट्राउटची नावं आहेत. हिमालयाचा मूळ मासा म्हणजे कार्प कुळातला ‘स्नो ट्राउट’, त्याला आता या पाहुण्याशी खाण्यासाठी आणि जागेसाठी झगडावं लागतं. सव्वाशे वर्षांनंतर हा पाहुणा काढून टाकणं शक्य नाही आणि खोऱ्यातल्या अनेक घरांची चूल त्यावर चालते. पण गळाला स्नो ट्राउट लागला तर तो हात ओले करून, पाण्यातच, ताबडतोब सोडावा.

हिमाचलच्या मत्स्य विभागाने परवाना देण्याच्या खिडकीत रोज सकाळी तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात: पाण्याचं तापमान, पाण्याचा गढूळपणा आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ. एक तापमापक आणि एक खडू, एवढाच खर्च. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस २३ अंशांपर्यंत तापलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद होते, कारण तिथे कोणीतरी ते रोज मोजतं. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनीही दिवाळीच्या जाहिरातीत ‘ट्राउट फिशिंग’ छापणं थांबवावं. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते, त्या वर्षी ती ग्राहकाची फसवणूक आहे. आणि जो जाणार आहे त्याने काठावर पोचल्यावर आधी गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली बघावं. स्वतःची पावलं दिसत नसतील, तर त्या दिवशी गळ बाहेर काढू नये.