खजिन्यातली अफू

२७ मार्च १९०७ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अफूचा विषय काढला. अफू तेव्हा चोरटी नव्हती. तिचा कारखानदार खुद्द सरकार होतं. बिहार-बनारसकडचा शेतकरी सरकारी परवान्यावर खसखस पेरायचा. बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत जायचा, तिथे त्याचे गोळे वळून पेट्या भरल्या जायच्या आणि कलकत्त्याच्या लिलावातून त्या चीनच्या वाटेला लागायच्या. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई, तिच्यावरही सरकार कर घेई. या उत्पन्नाची मला नेहमीच शरम वाटत आली आहे, कारण ते चिनी लोकांच्या अधःपातावर उभं आहे, अशा आशयाचं गोखले बोलले.

हे बोलायला सोपं नव्हतं. अफूचा पैसा आटला तर खजिन्याची तूट भरायला रयतेवरच नवा कर बसेल, ही भीती खोटी नव्हती. आणि मिठावरचा कर उतरावा म्हणून तर गोखले वर्षानुवर्षं आकडे मांडून भांडत होते. तरीही त्यांनी ते उत्पन्न नको म्हटलं. १९०८ पासून चीनकडची निर्यात दरसाल एक दशांशाने घटवायचं ठरलं आणि १९१३ मध्ये ती थांबली.

गोखल्यांचा जन्म आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, आणि वेळणेश्वर हे कितीतरी गोखले घराण्यांचं कुलदैवत. दिवाळीच्या सुट्टीत अभिषेकाला येणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आम्हाला ती आज आठवण्याचं कारण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीकडच्या कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे, मुरुड आणि शेजारच्या बोऱ्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली, किलोभर वजनाची. कस्टमने गोळा केलेला माल अडीचशे किलोच्या घरात गेला. कायद्याने एक किलोहून जास्त चरस म्हणजे व्यापारी प्रमाण, त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी. अशी पाकिटं भरतीच्या रेषेवर, मुलं खेळतात त्या वाळूत पडली होती.

पण चरस समुद्रातून आला, एमडी म्हणजे मेफेड्रोन हे अमली द्रव्य मात्र इथेच शिजतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात, फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी त्याचे कारखाने उघडकीला आणले. त्यासाठी खसखशीचं शेत लागत नाही. रसायनं, एखादी शेड आणि कुणी न विचारणं एवढं पुरतं. लोट्यासारखी रसायनांची वसाहत असलेल्या जिल्ह्याने हे फार गंभीरपणे घ्यायला हवं.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मोक्कात दुरुस्ती केली. अमली पदार्थांचं उत्पादन, वाहतूक, विक्री आता संघटित गुन्हेगारीत मोडते. हे योग्यच झालं. मात्र मोक्का टोळीला पकडतो, तिच्या गिऱ्हाइकाला बरं करत नाही. १९८६ मध्ये गर्दच्या लाटेत पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ते काम सरकारने नव्हे, दोन डॉक्टरांनी अंगावर घेतलं होतं. आजही खाडीकाठच्या गावातली आई मुलाला उपचारासाठी घेऊन घाट चढायचा म्हटलं की गप्प बसते. लोक काय म्हणतील याची भीती त्याहून मोठी.

म्हणून हा अंक आम्ही गुहागरचे आमदार भास्कर जाधव आणि दापोलीचे आमदार, गृह राज्यमंत्री योगेश कदम यांना पाठवत आहोत. सोबत हिवाळी अधिवेशनासाठी तीन प्रश्न आहेत. जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या रासायनिक शेडची तपासणी कोण करतं आणि शेवटची कधी केली? मासेमारी सोसायट्यांना संशयास्पद माल दिसला तर नाव गुप्त ठेवून कळवायची सोय आहे का? आणि जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी किती खाटा राखीव आहेत? उत्तरं आली की पुढच्या अंकात जशीच्या तशी छापू.